नवरीच्या टाचेमागचं बोट

“कामावर परत जायच्या आधी पाऊल मोजून घे गं,” आरोग्य केंद्रातल्या सुईणीनं, एन्कार्नानं, नोएलियाला बजावलं होतं. बाळ अंगावर पीत होतं आणि एन्कार्ना तिच्या घोट्यांवर अंगठा दाबून सूज बघत होती. “बाळंतपणात नुसती कंबरच सैलावत नाही. पायाचे सांधेही सैलावतात. एखादीचं पाऊल पसरतं ते मग पसरलेलंच राहतं.”

“माझं पाऊल कंपनीचं आहे,” नोएलिया हसत म्हणाली होती. “मालकिणीला विचारल्याशिवाय वाढायची त्याची टाप नाही.”

एन्कार्नाही हसली. तेवढ्यात बाळानं दुधाची गुळणी टाकली, आणि पावलाचा विषय त्या गुळणीबरोबर फडक्यानं पुसला गेला.

चेष्टेतलं असलं तरी नोएलियाचं बोलणं खोटं नव्हतं. स्पेनमधल्या या एल्दा गावात निम्म्या घरांच्या चुली जोड्यांवर पेटतात, आणि त्या सगळ्या जोड्यांत ‘ओलिम्पिया सेर्दा’चा जोडा म्हणजे मिरवायची गोष्ट. उंच निमुळती टाच, मखमल, कासवाच्या पाठीसारखं चमकणारं बक्कल. नट्या ते घालून गालिच्यावर उभ्या राहतात. पण सुंदर जोडे काय, खोऱ्यातले दहाजण करतील. मालकीण ओलिम्पियाबाईंची ऐट वेगळी होती. त्यांचा जोडा घालून बाई सकाळी चर्चला जाते, दुपारी पंगतीला बसते, रात्रभर नाचते, आणि घरी परतताना जोडा तिच्या हातात नसतो, पायातच असतो.

ती ऐट नोएलियाच्या पावलावर उभी होती. व्हॅलेन्सियाहून जीवशास्त्राची पदवी घेऊन ती या कारखान्यात कचेरीतल्या जागेसाठी आली होती. जोडे घडवणारे एलिसेओ मास्तर दारातून जाता जाता थबकले. मास्तरांना सवयच होती; मयताला जमलेल्या बायकांच्याही ते आधी पायांकडे बघत. “हिला कागदांत कशाला घालता?” ते म्हणाले. “सदतीस नंबर आहे हा. चालता बोलता सदतीस. इकडे पाठवा.”

तेव्हापासून नवा जोडा आधी तिच्या पायात जाई. ती फरशीवर चाले, दगडावर चाले, जिना चढे-उतरे, आणि कुठं चावतं, कुठं सुटतं ते सांगे. मग मास्तर फर्मा दुरुस्त करीत. फर्मा म्हणजे ज्यावर कातडं ताणून जोडा घडवतात ते लाकडी पाऊल. तिथं रेघभर तासायचं की रेघभर भरायचं, हे नोएलियाच्या तोंडून ठरे. “पट्टी मुकी असते, पाय बोलतो,” असं मास्तर म्हणत, आणि एकदा निवडलेलं पाऊल पुन्हा मोजायचं नाही, हा त्या कारखान्याचा रिवाज होता. पहिल्याच दिवशी त्यांनी तिच्या पावलाचा प्लास्टरचा ठसा घेतला होता. एक ठसा कारखान्यात राहिला, दुसरा भेट म्हणून तिच्या घरी आला. तो टीव्हीशेजारी उभा असे. तिचा नवरा रुबेन त्याच्या अंगठ्याला मोटारीची किल्ली अडकवी.

बाळ, वेगा, पाच महिन्यांची झाली तशी नोएलिया कामावर रुजू झाली. बाळ सासूकडे, सालुदकडे. सालुद प्रेमळ होती, पण बाल्कनीचं दार उघडं टाकायची तिला खोड होती. नोएलियाचं अर्धं चित्त कायम त्या दाराशी. रात्री ती बाळाचा श्वास ऐकत पडून राही, आणि दिवसा झोपेत चालल्यासारखी नव्या हंगामाचे जोडे घालून फिरे.

नवा जोडा हिरव्या मखमलीचा होता. पहिल्याच पावलाला तो चावला.

“चवड्याला आवळतोय, मास्तर. करंगळीपाशी पण.”

मास्तरांनी भुवया चढवल्या. “जुन्याच फर्म्यावरून काढलाय मी. जुना तर तुला लोण्यासारखा बसायचा.”

“मी काय करू? चावतोय.”

पाय बोलला, मास्तरांनी ऐकलं. फर्म्याला कातड्याचा थर चढला. पुढच्या खेपेला आणखी एक. तिसऱ्या खेपेला नोएलिया जिन्यावरून झरझर उतरली आणि म्हणाली, “आता बसला.” त्याच क्षणी तिच्या खिशातला फोन थरथरला. वेगाला ताप आहे की काय, एवढंच तिच्या मनात आलं. सालुदनं बाळाच्या दातांचा फोटो पाठवला होता.

त्या फर्म्यावर पहिली खेप निघाली. थोडे जोडे आलिकांते शहरातल्या दुकानात काचेमागे ठेवायला गेले. आणि सगळ्यांत पहिला जोडा कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे कारखान्यातल्याच नवरीला मिळाला. यंदा ती होती फुएन्सांता. शिलाईच्या यंत्रावर बसणारी, तोंडानं फटकळ, नोएलियाची जिवाभावाची मैत्रीण, पाऊल सदतीस, आणि पोटात पाचवा महिना.

“आधी पाळणा, मग लग्न,” मखमलीत पाय घालता घालता ती म्हणाली होती. “माझी आई म्हणते, बये, निदान पाद्र्यासमोर पोट आत घे.” उभी राहून तिनं दोन पावलं टाकली. “टाच जराशी सुटतेय का गं?”

“सुटू दे,” सगळ्या बायका म्हणाल्या. “लग्नापर्यंत पाय सुजतील तुझे. भरून येईल.”

नोएलियानंही मान डोलावली होती.

लग्नाच्या दिवशी सकाळी नोएलियानं कपाटाच्या तळाशी हात घातला आणि आपले स्वतःच्या लग्नातले जोडे काढले. याच कारखान्याचे, सदतीस नंबरचे, मोतिया रंगाचे. कामावरचे नवे जोडे सोडले तर गरोदरपणापासून तिनं कापडी सपातांशिवाय घरात-बाहेर काही घातलंच नव्हतं. पाय आत सरकेना. तिनं जोड्याचा चमचा लावला. चवडा अर्ध्यातच अडला. उन्हाळा आहे, सूज असेल, असं म्हणून तिनं पाय थंड पाण्यात धरला, पुसला, पुन्हा घातला. टाच बाहेरच.

ती जमिनीवर बसून राहिली. मग तिची नजर टीव्हीकडे गेली.

किल्ली काढून तिनं ते प्लास्टरचं पाऊल खाली फरशीवर ठेवलं आणि शेजारी आपलं ठेवलं. टाचेला टाच लावली. तिचा अंगठा प्लास्टरच्या अंगठ्याच्या पुढं गेला होता. चवडा तर दोन्ही बाजूंनी असा पसरला होता, जणू थोरली बहीण धाकटीशेजारी उभी आहे.

 नोकरीचा विचार नंतर आला. आधी आली फुएन्सांता. जोडा नोएलियाला बेतानं बसत होता, म्हणजे खऱ्या सदतीसला तो सैल होता. थोडाथोडका नाही. एवढ्या उंच टाचेवर पाऊल पुढं घसरणार आणि टाच मागून सुटणार. आणि शेजारच्या पेत्रेरला जिथं लग्न लागणार त्या चर्चच्या दारातून खाली चौकात उतरायला दगडी पायऱ्या. वर्षानुवर्षं पाय लागून गुळगुळीत झालेल्या. त्यांवर नवरानवरी बाहेर येताच मूठमूठ कच्चे तांदूळ उधळले जाणार.

तिनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग तिनं फुएन्सांताच्या आईला लावला.

“केस बांधतायत तिचे,” आई ओरडली. मागं बायकांचा कालवा चालला होता. “काय सांगायचंय? आज वाईट काही बोलू नकोस हां.”

“जोडे, मावशी. तिला म्हणावं ते हिरवे जोडे—”

“दृष्ट काढावी असे आहेत! ठेवते आता.” फोन ठेवला गेला.

सालुद वेगाला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिनं प्लास्टरचं पाऊल पाहिलं, सुनेचं पाऊल पाहिलं, आणि तिला सगळं कळलं. चाळीस वर्षं तिनं जोड्यांचीच शिलाई केली होती.

“सोमवारी सांग,” ती हळूच म्हणाली.

“सालुद, ती पोटुशी आहे.”

“मला डोळे आहेत, पोरी. पण आज तिथं ओलिम्पियाबाई असणार. त्यांच्या तोंडावर, लग्नात, त्यांच्या जोड्याचं नाव काढशील? तुझं पाऊल सदतीस नाही राहिलं असं म्हटलंस की तुझं काम संपलं. दुसरं काय आहे तुझ्याकडे तिथं? पदवी? ती गावात सगळ्यांकडं आहे.” मग वेगाला दुसऱ्या कडेवर घेत, “फुएन्सांता काही आज पहिल्यांदा उंच टाचा घालत नाहीये. पडेलच असं थोडंच आहे?”

खालून रुबेननं भोंगा वाजवला.

नोएलियानं सपाता घातल्या. दोरीच्या तळाच्या, घोट्याभोवती फितीनं बांधायच्या. लग्नाच्या पोशाखाखाली ते भलतंच दिसत होतं. निघता निघता वेगानं तिच्या खांद्यावर ओकारी काढली, ती धुण्यात वेळ गेला, आणि ते चर्चला पोचले तेव्हा बँडवाले बाहेर सिगारेटी ओढत होते. नवरी आत गेली होती.

ती मागच्या बाकाशी उभी राहिली. फुएन्सांता वेदीपाशी पाठमोरी होती. पोशाखाचा घेर पुढं पोटामुळं वर उचललेला, त्यामुळं मागून जोडे स्पष्ट दिसत होते. हिरवी मखमल मेणबत्त्यांच्या उजेडात चमकत होती. पाद्र्यानं गुडघे टेकायला सांगितलं. नवरी वाकली आणि उजवी टाच जोड्यातून पूर्ण वर आली. जोडा मागं जिभेसारखा लोंबला. उठताना नवऱ्यानं तिचा दंड धरला, तिनं पाय आत कोंबला, आणि मागच्या दोन-तीन बायका कौतुकानं हसल्या.

नोएलियाला हसू आलं नाही. तिनं दाराकडे पाहिलं. नवरदेवाच्या भाचरांच्या हातांत तांदळाच्या कागदी पुड्या आल्या होत्या. एकानं तर पुडी फोडून मूठ भरूनही घेतली होती.

ती बाजूच्या वाटेनं पुढं सरकली. मास्तर तिसऱ्या बाकावर होते. त्यांच्या पुढ्यात, पाठ ताठ करून, ओलिम्पियाबाई. पांढऱ्या केसांचा अंबाडा, मानेवर एकही केस सुटा नाही.

“मास्तर,” ती वाकून कुजबुजली. “टाच बघितलीत?”

“बघतोय.” त्यांची नजर तिथंच होती. “नवी मखमल आहे. बसेल.”

“नाही बसायची. फर्मा चुकलाय.”

मास्तरांनी मान वळवली. फर्म्याबद्दल त्यांना असं कुणी म्हटलं नव्हतं.

“तुमचा नाही चुकला,” ती घाईनं म्हणाली. “माझं पाऊल वाढलंय. बाळंतपणात. मला आज सकाळी कळलं.”

त्यांनी खाली तिच्या सपातांकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग त्यांचे डोळे पुढच्या अंबाड्याकडे गेले आणि परत आले.

“तू काय बोलतेयस ते कळतंय ना तुला?” ते ओठ न हलवता म्हणाले. “बाई हातभर पुढं बसल्यायत.”

“पायऱ्या आहेत मास्तर. आणि तांदूळ.”

 मास्तरांनी हात मांडीवर उलटा टाकला. एवढ्या वर्षांत फर्मा तासून तासून त्या हाताचा अंगठा वाकला होता. 

तेवढ्यात पाद्र्यानं आशीर्वाद दिला. लोक उठले. टाळ्या पडल्या, ऑर्गन सुरू झाला, आणि नवरानवरी दाराकडे वळले.  माणसांच्या भिंतीपलीकडून पोशाखाचा पांढरा घोळ दाराच्या उजेडाकडे सरकत होता. नोएलिया कोपरं मारत, “जाऊ द्या, जाऊ द्या” म्हणत घुसली. कुणीतरी म्हणालं, “हिला काय गुच्छ झेलायचाय का? हिचं तर लग्न झालंय!” हशा पिकला. सालुदच्या कडेवरून वेगा आईला बघून रडायला लागली. नोएलियानं पहिल्यांदाच त्या रडण्याकडे पाठ फिरवली.

दाराच्या चौकटीत फुएन्सांता थांबली होती. फोटोवाला बाहेरून हात करत होता: या, या, अजून एक पाऊल. तांदळाच्या मुठी वर गेल्या होत्या. तिनं उजवा पाय उचलला.

नोएलियानं तिच्यापुढं गुडघ्यांवर बसकण मारली आणि दोन्ही हातांनी तिचा घोटा पकडला.

“जोडे काढ.”

“काय गं बये?” फुएन्सांता किंचाळली. “भूत लागलं का तुला?”

“काढ म्हणतेय ना. पडशील.”

“लग्नात दारू नंतर प्यायची असते, नोएलिया! सोड पाय! फोटो निघतायत!”

“निघू देत. काढ.”

नवऱ्यानं तिला खांद्याला धरून बाजूला करायला सुरुवात केली. तेव्हा मागून शांत, कोरडा आवाज आला.

“माझ्या नवरीच्या पायातले माझे जोडे का काढतेयस?”

गर्दी दुभंगली होती. ओलिम्पियाबाई हातातला पंखा मिटून उभ्या होत्या.

आता सांगायचं नाही असं ठरवलं असतं तरी नोएलियाला जमलं नसतं. घोटा तिच्या मुठीत होता आणि त्याच्याखाली जोडा सैल हलत होता. “बाई, हे सदतीस नाहीत,” ती म्हणाली. “माझं पाऊल आता सदतीस नाही. बाळंतपणात वाढलं, मला कळलं नाही. मी चावतं म्हटलं आणि मास्तरांनी फर्मा वाढवला. त्यांची चूक नाही. हे जोडे तिला मोठे आहेत. खाली तांदूळ पडले की—” 

ओलिम्पियाबाईंनी पंखा शेजारच्या बाईच्या हातात दिला. मग त्या वयाच्या बाईला जमणार नाही इतक्या सहज खाली वाकल्या आणि फुएन्सांताच्या टाचेमागे जोड्यात बोट घातलं. बोट मुळापर्यंत आत गेलं. त्यांनी दुसरं घातलं. तेही गेलं.

 एका पोराच्या मुठीतून चारदोन तांदूळ निसटले आणि पायरीवरून टपटप उड्या मारत खाली गेले.

“पाऊल कधी वाढलं म्हणालीस?” बाईंनी वर न बघता विचारलं.

“बाळंतपणात.”

“आणि तू जिन्यावरून उतरून ‘बसला’ म्हणालीस.”

“हो.”

बाईंनी बोटं बाहेर काढली. चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं. “काढ पोरी ते जोडे,” त्या फुएन्सांताला म्हणाल्या.

“मग काय अनवाणी उतरू? लोक म्हणतील, बापाला पोरीच्या लग्नात जोडेही घेता आले नाहीत!”

नोएलिया तोवर आपल्या सपातांच्या फिती सोडत होती. तिनं त्या फुएन्सांताच्या पायांत चढवल्या. मोठ्या होत्याच, पण फिती होत्या. तिनं त्या घोट्याभोवती गुंडाळून इतक्या आवळल्या की फुएन्सांता कळवळली. “अगं, रक्त चालू दे!”

“चालू दे बिलू दे काही नाही. घट्टच हवं.”

मग ती अनवाणी उभी राहिली. पायांखाली दगड गार होता. फुएन्सांता नवऱ्याच्या दंडाला लटकून बाहेर पडली, तांदूळ उधळले गेले, पोरं ओरडली, फटाके कडाडले. तिसऱ्या की चौथ्या पायरीवर फुएन्सांताचा तळवा तांदळांवर सर्रकन घसरला.  पण फिती बांधलेल्या होत्या, सपात पायालाच राहिली. नवरी डगमगली, नवऱ्याच्या कोटाला लोंबकळली, आणि शिवी हासडून पुढची पायरी उतरली. गर्दी हसली. चौकात खाली पोचल्यावर तिनं वर पाहिलं, आणि ती हसत नव्हती. तिनं दोन्ही हात पोटावर ठेवले होते.

मास्तर हिरवे जोडे हातात धरून दारातच बसले होते.

सोमवारी त्यांनी नोएलियाचं पाऊल मोजलं. रिवाज मोडून, पट्टीनं. एकदा मोजलं, मग पुन्हा. “अडतीस,” म्हणाले, आणि जुना प्लास्टरचा ठसा उचलून फडताळात, दाराआड ठेवला. ओलिम्पियाबाईंनी तिला कामावर ठेवतात की काढतात हे सांगितलं नाही. “आधी माझे जोडे परत आण,” एवढंच म्हणाल्या. म्हणून ती गेले कित्येक दिवस कचेरीत बसून फोन करतेय. काचेमागचे जोडे परत आले. विकलेलेही, एकेक करून, कुरकुर करत, आले.

एक जोडा आला नाही.

आलिकांतेच्या दुकानातल्या मुलीला ती बाई आठवते. रोख पैसे दिले, नाव सांगितलं नाही. बाळाची गाडी ढकलत आली होती. म्हणाली, पोर झाल्यापासून स्वतःसाठी काही घेतलंच नाही. सदतीस नंबर, म्हणाली, कायम सदतीसच लागतो. जोडे पायात घालूनच ती निघाली. जाता जाता गाडीबद्दल बोलणं निघालं तेव्हा म्हणाली, आमच्याकडे लिफ्ट नाही, गाडी खाली ठेवते आणि पोराला कडेवर घेऊन जिना उतरते.

नोएलिया रात्री वेगाचा श्वास ऐकत पडते तेव्हा तिला तो जिना दिसतो. कदाचित त्या बाईचंही पाऊल पसरलं असेल आणि जोडा तिला बेतानं बसला असेल. कदाचित नसेल.

तुमच्या वाड्यात, तुमच्या रस्त्यावर अशी कुणी असेल, नुकती बाळंत झालेली, हिरव्या मखमलीचे उंच जोडे घालून मिरवणारी, तर तिच्याकडे एकदा जाऊन याल? ती म्हणेल, छान बसतात. तिचं ऐकू नका. तिला उभं राहायला सांगा आणि टाचेमागे बोट घालून बघा. बोट आत गेलं, तर बाळाला आपल्याकडे घ्या, आणि तिला जिन्यापर्यंत जाऊ देऊ नका.